तीन गावांचा एक सूर

“काका, तुमचा पावा मी घेणार नाही,” भारती म्हणाली. “त्याचा सूर बिघडलाय.”

जामखेडात, भर अंगणात, चार माणसांदेखत सख्ख्या चुलत्याला असं तोंडावर सांगायला धमक लागते. भारतीकडे ती होती. खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जरा जास्तच होती. भीमराजकाकांनी पावा धोतराच्या सोग्याला पुसला.

“माझ्या आज्यानं केल्याला हाय ह्यो, त्याच्या आज्याच्या मापावर. त्यो कुनाला इचारून वाजत न्हाई.”

“पण कोल्हारकडच्या तीन पाव्यांशी जुळत नाही ना!”

“मग त्येंला सांग की, माझ्याशी जुळवून घ्या म्हनून!”

अंगणातली माणसं खो-खो हसली. भारतीचा पारा चढला. चहाला न थांबता ती नगरची एसटी धरून निघाली, आणि काकांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

भारती नगरच्या कॉलेजात संगीत शिकवायची. गोष्ट अठ्ठ्याण्णवची, कॉम्प्युटरला लोक अजून टॉवेल पांघरून ठेवत. पुण्याची एक संस्था त्या वेळी इंटरनेटवर संगीताचा कोश चढवत होती, आणि जुने लोक कुठल्या सुरापासून सप्तक बांधायचे हे शोधून त्यावरचं प्रकरण लिहायचं काम भारतीकडे आलं होतं. पोथ्यांत सुरांची वर्णनं ढीगभर, पण सूर काही पोथीत वाजत नाही. तो माणसांकडेच शोधायला हवा, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणून जूनमध्येच ती कोल्हारच्या बाजूला फिरून आली होती. ऊसतोडीची माणसं आपापल्या मुलखाला गेलेली, रस्ते निवांत. रेकॉर्डिंगला याहून चांगला काळ नाही. प्रवरेच्या अल्याड-पल्याड तीन गावं, तिथे पावा करणारे तीन धनगर. तिघांचं आपसात काही सोयरसुतक नाही. दोघांची तर चराईवरून डोकी फुटलेली. आणि तिघांच्याही पाव्याचा खालचा सूर, सगळी भोकं बंद केल्यावर निघतो तो, सूर मोजायच्या मशीनवर तंतोतंत एक! भारतीच्या अंगावर काटा आला.

रीतही तिघांची एकच. पावा करायचा तो दसरा झाल्यावर, सकाळच्या पारी, गावाबाहेर बसून.

“एरवी का नाही करत?” तिने तिघांतल्या सहादेवला विचारलं होतं.

“एरवी जमत न्हाई,” सहादेव म्हणाला आणि मेंढरं हाकायला उठला.

भारतीने लिहून टाकलं, हा जुना विधी आहे आणि सूर हजार वर्षांपूर्वीचा.

पुण्याला प्रकरण वाचून राधाकृष्ण सरांनी फोन केला. कोशाचे संपादक तेच. माणूस सज्जन, पण शंकेखोर.

“हजार वर्षं एकच सूर, तोही तीन गावांत? भारतीबाई, घशाखाली उतरत नाही.”

“का नाही उतरत, सर? पोथ्या तुमच्याकडे राहिल्या, मग सूर आमच्याकडे राहू नये? माझी आजी देवळाबाहेर उन्हात उभी राहून भजन ऐकायची. आत येऊ देत नव्हते तिला. तरी तिचा सूर आतल्यांपेक्षा सच्चा होता.”

“बरं. मग तो जामखेडचा चौथा पावाही घाला. वेगळा निघाला म्हणून टाकू नये.”

“तो माझ्या काकांचा आहे. घातला तर म्हणाल, घरचा म्हणून घुसडला. आणि जे चूक ते चूक, मग काका असोत नाहीतर कुणी!”

“मग मला पावा होताना समोर बसून बघू द्या. पटलं तर प्रकरण कोशात जाईल, नाहीतर नाही.”

“या की! दसरा होऊ द्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

प्रकरण बाद झालं तर तिची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती, शिवाय चुलता फुकटचा दुखावलेला. पण भारती कसली डगमगते! तिला शंकाच नव्हती.

दसऱ्यानंतर सर आले. रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रीघ लागली होती. सहादेव गावाबाहेरच्या बांधावर बसला होता. हातात कोरलेला बांबू, भोकं पाडून तयार, बूड मात्र अजून लांबच लांब. शेजारी विळा. त्याची बायको बनुबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती.

“बूड कापलं की सूर वर चढतो,” भारतीने सरांना सांगितलं. “कुठे थांबायचं, ते यांच्या कानात आहे. पिढ्यान् पिढ्या.”

सहादेव मात्र नुसताच बसून राहिला.

“करा की सुरू,” सर म्हणाले.

“येळ व्हऊ द्या.”

सरांनी घड्याळ पाहिलं आणि ओठातल्या ओठात हसले. ते भारतीला झोंबलं.

“यांनी हजार वर्षं सूर सांभाळलाय, सर. तुम्हाला पाच मिनिटं निघत नाहीत?”

भारतीने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

“आला, आला!” बनुबाई ओरडली.

उसाच्या पलीकडून, नुकताच हंगाम सुरू झालेल्या साखर कारखान्याचा आठचा भोंगा सुरू झाला. लांबलचक, एकसुरी. सहादेवने लगबगीने पावा फुंकला, मान हलवली, बुडाची एक चकती कापली. पुन्हा फुंकला. आणखी एक बारीक चकती उडवली. भोंगा थांबायच्या आत दोन्ही आवाज एक झाले.

सरांनी भारतीकडे पाहिलं. भारती टेपरेकॉर्डरकडे बघत होती.

बनुबाईने चहा गाळून तिच्यापुढे धरला. “कारखाना झाला ते लई बरं झालं बगा, बाई,” ती म्हणाली. “त्येच्या आदी आज्या-पंज्याच्या मापानं करायचे, तर सूर भलताच निगायचा.”