इलोना बोलते तेव्हा

फोन वाजला. चंद्रप्रकाश सावंतांनी तळहाताचा घाम लेंग्याला पुसला, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि स्पीकर लावला.

पलीकडे हंगेरीतली इलोना होती. दोघांची मैत्री पत्रांतली, एस्पेरांतोतली. लांबलांबच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम रचलेल्या भाषेतली. यंदा इलोनाची नजर गेली. पत्रं थांबली. उरला फक्त आवाज, आणि चंद्रप्रकाशांना डोळ्यांनी येणारी ती भाषा कानांनी येत नव्हती. मागच्या रविवारी ते सगळ्यालाच ‘हो, हो’ म्हणत राहिले. इलोनाने ते ओळखलं आणि बोलणं आवरतं घेतलं.

“एक शबुद अडलो की तुम्ही थंयच बसतास,” भेंडी चिरता चिरता त्यांची बायको वनमाला हळूच म्हणाली. “ती जाता फुडे.”

“मग काय करू?”

“देवळात गुरव गाराणा घालता, तेवा तुमका सगळा कळता? तरी ‘व्हय म्हाराजा’ येळेर म्हणतास ना?”

इलोना बोलू लागली. सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तशी. बाग आली, ऊन आलं, जर्दाळूचं झाड आलं. मग एक अनोळखी शब्द आला. चंद्रप्रकाशांचं मन त्याच्यामागे धावलं. त्यांनी ते मागे ओढलं, जाऊ दिलं शब्दाला. वाक्य संपलं आणि ओठ आपसूक हलले.

“व्हय म्हाराजा.”

वनमालाची सुरी थांबली.

“हे काय म्हणालास?” इलोनाने विचारलं.

प्रश्न सरळ आत आला. त्याचं मनात मराठी करावं लागलं नाही.

“आमच्या गावी देवापुढे गाऱ्हाणं घालतात,” ते तिच्याच भाषेत म्हणाले, “तेव्हा दर वाक्याला सगळे असं म्हणतात. म्हणजे, ऐकतोय, चालू दे.”

इलोना हसली. पुढे सांगू लागली. फळं आता ती चाचपून तोडते, पिकलेलं कुठलं ते बोटांना सालीवरून कळतं. शेजारीण ओरडते, वर चढू नकोस, पडशील म्हणून. मघाचा तो शब्द तिच्या बोलण्यात पुन्हा आला आणि या वेळी स्वतःच उलगडला. शिडी.

“बरोबरच ओरडते ती,” चंद्रप्रकाश म्हणाले. “तुझी शिडी धरायला खाली कोण असतं?”

मग तिचा आवाज सुटला. आता ती शब्दाशब्दाला थांबत नव्हती, घरच्या माणसापाशी बोलावं तशी भरभर बोलत होती. मधलं काही निसटत होतं. चंद्रप्रकाश ताठ बसून ऐकत होते.

विरजण मागायला शेजारची तेजल दारात आली. वनमालाने ओठांवर बोट ठेवलं.

“काकी, ही कुठल्या देशाची भाषा गं?” तेजल कुजबुजली.

“खंयच्याच नाय,” वनमाला म्हणाली. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. “पण आमच्या ह्यांका कळता.”