तीन दारांची चौकशी

"वीस घरं?" साहेबांची लाल पेन्सिल कागदावर टेकली. "पहिल्याच महिन्यात हा माणूस वीस घरं कुठून आणणार?"

समोरच्या टेबलावरचा कारकून हसला. "साहेब, एखादा तरी अर्ज पास करा हो. लोक तुमचं नाव ऐकून फॉर्म परत नेतात."

"नेऊ देत. धंदा बुडण्यापेक्षा बरं."

छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या त्या ऑफिसात साहेबांना पाठीमागे सगळे 'लाल पेन्सिल' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं ते लोकांच्या स्वप्नांना आकडे विचारत आले होते, आणि बहुतेक स्वप्नांना आकडे सांगता येत नाहीत.

हा अर्ज तसा नेटका होता. निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत बॅगा दुरुस्त करायच्या. तुटलेल्या चेन, उसवलेले पट्टे, निखळलेली चाकं. मशीन घरचं, हाताला सवय, जागेला भाडं नाही. खर्चात बोट ठेवायला जागा नव्हती. अडचण एकच, गिऱ्हाईक. 'इमारतीत अठ्ठेचाळीस घरं. निम्मी तरी तोंडओळखीची. त्यातली वीस येतील,' असं लिहिलं होतं.

'उद्देश' या रकान्यात एकच ओळ होती. 'माणसांची ये-जा राहील.'

असल्या ओळीवर साहेब एरवी बिनदिक्कत काट मारत. हा काही धंद्याचा उद्देश नव्हे. आज पेन्सिल तिथे जरा घुटमळली. मग त्यांनी ओळ तशीच ठेवली आणि फाइल काखेत मारली.

त्यांचा नियम जुना होता. अर्जदार स्वतःबद्दल काहीही लिहो, शेजारची तीन दारं काय म्हणतात ते ऐकायचं. एकाने जरी 'देऊ की त्यांना काम' म्हटलं, तर अर्ज पुढे जायचा.

रोज रात्री आठपर्यंत खुर्ची न सोडणारे साहेब त्या दिवशी साडेपाचलाच उठले. पत्ता शोधत फिरावं लागलं नाही.

इमारतीच्या तळाशी इस्त्रीवाला होता.

"तिसऱ्या मजल्यावर डावीकडे राहतात, ते माहितीयेत?"

"म्हणजे पाच पांढरे शर्ट," इस्त्रीवाला म्हणाला. "दर रविवारी सकाळी या खिळ्याला पिशवी लटकलेली असते. वर मजल्याची चिठ्ठी, पैसे आतच. मी जेवायला गेलो की पिशवी गायब. माणूस कसा आहे विचाराल, तर कॉलर सोळा."

"बॅगा दुरुस्त करायचं काढताहेत. द्याल काम?"

"ओळख ना पाळख, कसं देणार?" त्याने साहेबांना निरखून पाहिलं. साहेब वाट बघत उभे राहिले. "तुमच्या शर्टाची इस्त्री मात्र झकास आहे हां. कुठे टाकता?"

"घराजवळ."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ओले हात पुसत दार उघडलं.

"वरचे ना? आहे कुणीतरी. अगदी गुणी माणूस, आवाज म्हणून नाही. खुर्ची सरकली की तेवढं कळतं." काकूंनी आवाज बारीक केला. "का हो, काही भानगड केलीय का?"

"नाही. तुमची बॅग तुटली तर त्यांच्याकडे द्याल का, एवढंच."

"अहो, तोंडसुद्धा पाहिलं नाही मी त्यांचं. बॅग कुठली देतेय."

साहेब जिना चढले. शेकडो अर्ज नाकारताना वाटलं नव्हतं इतकं त्यांना वाईट वाटत होतं. हा अर्ज पास व्हावा असं अगदी मनापासून वाटत होतं, आणि अजून एक दार उरलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर या जिन्याला समोरासमोर दोनच दारं. त्यांनी उजवीकडची बेल दाबली. कडेवर मूल घेतलेल्या एका तरुणीने साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"समोर कोण राहतं हो?"

"समोर? कुणीच नाही," ती म्हणाली. "आम्हाला येऊन दीड वर्ष झालं, रिकामंच आहे ते. तुम्हाला भाड्याने हवंय का, काका?"

"नाही."

दार लागलं. साहेबांनी फाइल भिंतीला टेकवली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'गिऱ्हाइकांचा अंदाज वास्तवाला धरून नाही. अर्ज नामंजूर.' खाली सही केली, तारीख घातली. पेन्सिल खिशात ठेवली, खिशातून किल्ली काढली, आणि समोरचं दार उघडून ते आत गेले.