धाकटीची गोळी

मार्गासनीत सासूबाईंना हल्ली सारखी चक्कर यायची; त्यांचं सगळं दुखणंखुपणं मोठी सून सोनिया काढायची. पण गावात कौतुक व्हायचं ते पुण्याला औषधांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या धाकट्या धनश्रीचं. सोनियाचा नुसता जळफळाट व्हायचा.

सुट्टीला आलेल्या धनश्रीनं मोबाईलवर सासूबाईंना त्यांचीच बीपीची गोळी पाण्यात विरताना दाखवली. "आत्याबाई, आमच्या प्रयोगशाळेतल्या कॅमेऱ्यात दिसतं बघा. गोळी हळूहळू फुगते, मग औषध दिवसभर थोडं थोडं सुटतं."

"लई हुशार गं माझी धाकटी," सासूबाई म्हणाल्या.

सोनिया ताडकन उठून स्वयंपाकघराकडं निघाली, पण उंबऱ्यातूनच मागं फिरली.


"धनश्री," ती हळूच म्हणाली, "गिळवत न्हाई म्हणून ही गोळी मी रोज कुटून देते. आत्याबाईंना चक्कर त्यानंच येत आसंल का गं?"