मोत्याची तीन बटणं

बैरूतच्या नवऱ्या मुलींना पोशाख चढवताना नुहादचं एक वाक्य ठरलेलं असे : “श्वास आत घे, आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”

बाहुल्यांच्या फॅशन स्पर्धेसाठी शिवलेला शुभ्र झगा फूटभर बाहुलीला घालतानाही तिच्या तोंडून तेच निघालं. कॅमेरा लावत बसलेली धाकटी जाऊ सौसन खो खो हसली. “जाऊबाई, प्लास्टिकची आहे ती!”

“तोंडाला सवय लागलीये गं.” नुहादने पाठीवरची मिरीएवढी तीन बटणं लावली. गेल्या वर्षी कमरेवरच्या एका चुणीने बक्षीस हुकलं होतं. यंदा झगा अंगाला कसा चपखल बसला! वीज जायच्या आत फोटोही झाले, एकाहून एक सरस.

दोघी खुशीत स्वयंपाकघरात आल्या. वेलदोड्याच्या कॉफीचा पहिला घोट घेताना सौसन म्हणाली, “बाहुलीला ‘सोड’ म्हणायचं विसरलात की! गुदमरली असेल बिचारी.”

नुहादला हसू आवरेना. खोलीकडे तोंड करून तिने हाक दिली, “सोड गं बाई आता!”

खोलीत फरशीवर काहीतरी टक्कन पडलं. मग आणखी एक.

दोघींनी श्वास रोखला. तिसरं बटण अजून पडायचं होतं.