बायकांची वेटिंग रूम

आमच्या स्टेशनला फलाट एकच. तिकिटाची खिडकी आणि तिच्या शेजारी बायकांची वेटिंग रूम. त्या खोलीला दारही एकच.

मिरजेला जाताना माझी बायको अनसूया तिथं बसायची. पुरुषांनी आत जायचं नाही, म्हणून मी दाराबाहेरूनच सांगायचो, "गाडी आली." चारचौघांत नवऱ्याला ओ द्यायची तिला लाज वाटे. ती नुसत्या बांगड्या वाजवायची.

गेल्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात ती वारली. हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट तिला अग्नी दिला.

घरात एकट्याला राहवेना. थोरली बहीण रंगूआक्का मला लोणंदला तिच्याकडे न्यायला आली. घराला कुलूप लावलं आणि दुपारच्या गाडीला आलो. आक्का वेटिंग रूममध्ये जाऊन बसली. सिग्नल पडला तसा मी सवयीनं दाराशी गेलो.

"गाडी आली."

आत बांगड्या वाजल्या.

मी ट्रंक उचलली आणि तसाच थांबलो. आक्काचा नवरा जाऊन कित्येक वर्षं झाली. तिचे हात मोकळेच असतात.

"आक्का, आत अजून कोण हाय?"

"कोन असनार? मी एकलीच. आन् वरडतूस कशाला, भैरी न्हाई मी."

गाडी फलाटाला लागली. आक्का पिशवी घेऊन दारापर्यंत आली. उंबऱ्याशी थांबली आणि मागं न बघताच जरा बाजूला सरली, मागून येणाऱ्या बाईला आधी जाऊ द्यावं तशी.