न मागितल्याचा बोनस

गाडीच्या पोटाखाली खाडकन आवाज झाला आणि दौलतरावांनी ब्रेक मारला. बघता बघता डांबरावर काळ्या ऑइलची धार लागली. दौलतराव खाली उतरले, वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. रस्त्यातल्या दगडावर आपटून ऑइलचा चेंबर फुटला होता.

त्यांची थोरली बहीण प्रयागबाई उतरली ती गाडी सोडून आधी दगड बघायला गेली. लहानपणापासून तिला प्रत्येक गोष्टीचं 'काहून', म्हणजे 'का', पाहिजे असायचं. रस्त्यात एकच दगड नव्हता, चांगले सात-आठ होते, ओळीनं मांडलेले. कुणाचा तरी ट्रक इथे बंद पडला असणार, मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून त्यानं भोवती दगड लावले असणार आणि ट्रक सुरू झाल्यावर खुशाल निघून गेला असणार. आपल्याकडे दगड मांडायला सगळे हुशार, उचलायला कुणाला वेळ नसतो.

दोघं प्रयागबाईच्या सासरहून, जऊळक्याहून, तालुक्याच्या गावी मालेगावच्या रजिस्ट्री ऑफिसात निघाले होते. माहेरी किन्हीराजाला बापाची जमीन होती, तिच्यात मला वाटा नको असं प्रयागबाई आज लिहून देणार होती. टाइप केलेला कागद गाडीत पिशवीत होता. तुला वाटा पाहिजे का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही विषय काढला नव्हता. गावातल्या बहुतेक बहिणी असंच लिहून देतात. मागितलं की माहेर तुटतं, हे तिनं दोन-तीन घरांत डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला त्याचीच भीती वाटायची.

दौलतरावांनी फोन केल्यावर अर्ध्या तासात विम्याचा एजंट धीरज मोटरसायकलवर आला. तो किन्हीराजाचाच, त्यामुळे प्रयागबाई त्याची आत्या. त्यानं गाडीचे फोटो काढले, मग दगडांचे.

"दगडाचा फोटो कायले काढून राह्यला बापा?"

"कंपनीले दाखवा लागते आत्या."

"मंग कंपनी त्या ट्रकवाल्याले धरीन?"

धीरज हसला. "तो कुठं सापडते आता? काकाच्या विम्यातूनच पैसे भेटतीन. पण एक हाय काका, क्लेम टाकला तं बोनस जाईन."

दौलतराव काही बोलायच्या आत प्रयागबाईनं विचारलं, "बोनस? तो कायचा?"

"पाच वर्सं काकानं काहीच मागतलं नाई न. म्हणून गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असते, त्यात आता निम्मी सूट भेटते. एकडाव मागतलं का पुढच्या साली सूट शून्य. मंग हप्ता वाढते."

"दगड ठेवला ट्रकवाल्यानं, अन् हप्ता याचा वाढते?"

"चूक कोणाची ते कंपनी नाई पाहत आत्या. तुमी मागतलं का नाई मागतलं, एवढंच पाहते."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तिच्या मनात आलं. पण त्याहून तिला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. न मागणाऱ्याला मान मिळतो, हे तर तिला उभ्या जन्माचं ठाऊक होतं. त्याचा कुणी पक्का नियम करून ठेवलाय, हे मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"खर्च किती येते ते आधी पाहून घ्या काका," धीरज म्हणाला. "लहान काम असन तं लोक खिशातून भरतात अन् बोनस वाचवतात."

दौलतराव एकदम तापले. "भरत असतीन लोक! मी काहून भरू? इतके साल हप्ते भरले ते कायले? माह्या हक्काचं हाय ते. बोनस गेला तं गेला. टाक तू क्लेम!"

प्रयागबाई भावाकडे बघतच राहिली. त्याचं काही चुकलं नव्हतं. भर रस्त्यात, मोठ्या आवाजात त्यानं आपलं मागितलं होतं आणि त्याला जराही लाज वाटली नव्हती. तिला त्याचा हेवा वाटला.

"धीरज, एकडाव मागतलं का मंग कंपनी माणसाले तोडून टाकते काय रे?"

"तोडन कायले? पॉलिसी चालूच राह्यते. सूट तेवढी शून्यापासून चालू होते. एक साल काही नाई मागतलं तं थोडी भेटते, मंग आणखीन थोडी. पाच वर्सांत पुन्हा होती तेवढी."

"म्हंजे पुन्हा जमते?"

"जमते न आत्या. टाइम लागते फक्त."

तिकडे दौलतरावांनी ओळखीच्या जीपवाल्याला, मदनसिंगला, जीप घेऊन यायला सांगितलं होतं. फोन खिशात टाकत ते म्हणाले, "अक्का, जीप येऊन राह्यली. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचतो आपण. कागदाची पिशवी घे."

प्रयागबाईनं गाडीतून पिशवी काढली आणि भावाच्या हातात दिली.

"मदनसिंगले सांग, मले जऊळक्याले सोड म्हणा."

"काहून? अन् सही?"

"सही नाई करत मी. बापाच्या वावरात माहा वाटा हाय. तो मले पायजे."

धीरज उगाच मोबाइलमधले दगडांचे फोटो पुन्हा बघू लागला.

प्रयागबाई भावाच्या जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊबिजेले मी येईन, दौलत. यंदा ओवाळणी नको टाकू. शून्यापासून चालू करू."