फ्यूज आपल्याच खिशात

हिंगोलीत धंदेशिक्षणाची पुस्तकं लिहून मी म्हातारा झालो. वेल्डिंग, नळजोडणी, मोटार दुरुस्ती. माझ्या हाताला कधी ग्रीस लागलं नाही. मुखपृष्ठावर माझं नाव नसतं, 'एक अनुभवी कारागीर' एवढंच छापतात. तो अनुभव तांड्यावरच्या वसरामचा. त्याला अक्षर येत नाही. तो सांगायचा, मी लिहायचो.

परवा तो सुनेला, मिनाला घेऊन दारात आला.

"पंत, माझा सुदाम करंट लागून गेला. तुमचंच पुस्तक वाचून इहिरीवरची मोटार खोलली त्यानं. फ्यूज काढला अन् पेटीवरच ठेवला. पाणी काहून येऊन न्हाई राहिलं म्हणून हिनं तो परत बसवला."

मी खाली बघितलं.

"म्या तुमाला बराबर सांगितलं व्हतं, फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवावा. लिवलं व्हतं न्हवं?"

मी फक्त 'फ्यूज काढावा' लिहिलं होतं. खिशाचं मला गावंढळ वाटलं, म्हणून खोडलं.

"लिहिलं होतं," मी म्हणालो.

"मग पोरानंच नीट वाचलं न्हाई. मला वाटलं, म्याच सोताच्या तोंडानं सांगायला पायजे व्हतं." म्हातारा सुनेकडे वळला. "दाव गं, कुठं हाय ते."

मिना दहावी शिकलेली. तिच्या हातात तेच पान उघडं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि 'फ्यूज काढावा'च्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय बा, इथं लिवलंय."